झिजलेले जोडे

चित्र तसे लहानच आहे. रुंदी सुमारे ४५ सेंटिमीटर, उंची सुमारे ३८. आपल्या वर्गातील बाकावर ठेवले तर शेजारी वही ठेवायला जागा उरेल. चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही, आकाश नाही. आहेत ते फक्त चामड्याचे जुने जोडे. घोट्याच्या वर येणारे, जाड तळव्याचे, नाड्या सुटलेले. एकाची वरची कड मुडपून खाली आली आहे. दुसऱ्याची नाडी जमिनीवर वळसा घेऊन पडली आहे. चामडे इतके वापरले गेले आहे की त्याला पायाचा आकार आला आहे, आणि पाय मात्र तिथे नाही. रंगही थोडेच : तपकिरी, करडा, काळपट आणि भोवती मळक्या पिवळ्या उजेडाची जमीन. हे चित्र १८८६ साली पॅरिसमध्ये रंगवले गेले. आज ते ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. चित्रकाराचे नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग.

व्हॅन गॉग म्हटले की कुणाला सूर्यफुले आठवतात, कुणाला चांदण्यांनी भोवंडलेले आकाश, आणि बहुतेकांना कापलेला कान. त्याच्या आयुष्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती आता एखाद्या दंतकथेसारखी वाटते. मला ती या जोड्यांच्या वाटेने सांगावीशी वाटते. मी घनसावंगी तालुक्यातील एका लहान गावाहून जालन्याला शिकायला आलो. आपल्या ग्रंथालयात चित्रकलेवरच्या एका जाडजूड पुस्तकात अर्ध्या पानावर हे चित्र छापलेले आहे. वर्षभरात मी ते पुस्तक पाच-सहा वेळा तरी घरी नेले असेल. एवढ्या साध्या वस्तूत असे काय आहे की आपण तिथेच थांबतो, हे शोधता शोधता मी त्या माणसाच्या आयुष्यापर्यंत पोचलो.

आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत. तिथे वस्तुचित्रासाठी टेबलावर घागर, तांब्या, वाटी, एखादे फळ आणि मागे चुण्या पाडलेले कापड मांडलेले असते. वस्तू बहुधा धड, चकचकीत असतात. कारण परीक्षकाला छाया-प्रकाश तपासायचा असतो. युरोपातही स्थिरचित्राची परंपरा फार जुनी. सतराव्या शतकात हॉलंडमधील चित्रकारांनी चांदीची तबके, काचेचे पेले, अर्धे सोललेले लिंबू, शिंपले आणि कधी माणसाची कवटी अशा वस्तू अतिशय कौशल्याने रंगवल्या. त्या चित्रांतून व्यापाऱ्यांच्या घरची सुबत्ता दिसे, आणि ती टिकणारी नाही हा उपदेशही. व्हिन्सेंट त्याच हॉलंडचा. पण त्याने जी वस्तू निवडली, ती कुणी दिवाणखान्यात ठेवत नाही.

त्याचा जन्म ३० मार्च १८५३ रोजी हॉलंडच्या दक्षिणेकडील ब्राबांट प्रांतात, झुंडर्ट या खेड्यात झाला. त्यानंतर सतराच दिवसांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. म्हणजे काळ कोणता ते ध्यानात यावे. वडील थिओडोरस हे प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. व्हिन्सेंटच्या आधी बरोबर एक वर्ष, त्याच तारखेला, त्या दांपत्याला एक मृत बालक झाले होते. त्याचेही नाव व्हिन्सेंटच ठेवले होते. या दुसऱ्या व्हिन्सेंटच्या पाठीवर पाच भावंडे झाली. त्यांतला थिओ १ मे १८५७ चा, व्हिन्सेंटहून चार वर्षांनी लहान. या धाकट्या भावाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ही गोष्ट जितकी व्हिन्सेंटची आहे, तितकीच त्याचीही आहे.

सोळाव्या वर्षी, १८६९ साली, व्हिन्सेंट हेग शहरात चित्रांचा व्यापार करणाऱ्या एका पेढीत नोकरीला लागला. काकांची तिथे भागीदारी होती. तेथून लंडन, मग पॅरिस. चांगली नोकरी होती. पण गिऱ्हाइकाला जे विकायचे तेच वाईट आहे असे त्याला वाटू लागले, आणि तोंडावर तसे दिसू लागले. १८७६ साली नोकरी गेली. मग इंग्लंडमध्ये शाळेत शिकवणे, हॉलंडमध्ये पुस्तकांच्या दुकानात बसणे, ॲमस्टरडॅममध्ये धर्मशास्त्राच्या प्रवेश परीक्षेसाठी लॅटिन-ग्रीक घोकणे. यातले काहीही पूर्णत्वास गेले नाही. आपल्याकडे अशा मुलाला काय म्हणतात ते मी सांगायला नको. प्रत्येक गावात एखादा असतोच. घरचे त्याच्याविषयी बोलणे टाळतात.

१८७८ च्या अखेरीस तो बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात उपदेशक म्हणून गेला. खाणकामगार जमिनीखाली शेकडो फूट खोल उतरत. बायका आणि पोरेही कामाला असत. एप्रिल १८७९ मध्ये जवळच्या एका खाणीत स्फोट होऊन शंभरावर माणसे मेली. व्हिन्सेंटने अंगावरचे बरे कपडे वाटून टाकले, नीट घर सोडून झोपडीत जमिनीवर निजू लागला, आजाऱ्यांची आणि भाजलेल्यांची सेवा करू लागला. ज्यांना उपदेश करायचा त्यांच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभे राहणे त्याला जमेना. धर्मसंस्थेच्या समितीला हे मानवले नाही. त्याच्याजवळ वक्तृत्व नाही असे कारण देऊन त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही.

त्यानंतरचा काळ भटकंतीचा. एकदा भर थंडीत तो बोरिनाजहून फ्रान्समधील कूरिएर गावापर्यंत, सुमारे ७० किलोमीटर, बहुतेक पायीच गेला. शेतकऱ्यांची चित्रे काढणारा ज्यूल ब्रेतों हा नामांकित चित्रकार तिथे राहत असे. गवताच्या गंजीत, सोडून दिलेल्या गाडीत रात्री काढल्या. जवळची काही रेखाटने देऊन भाकरीचे तुकडे मिळवले. शेवटी त्या चित्रकाराची विटांची नवी, कोरडी, अनोळखी वाटणारी चित्रशाळा बाहेरूनच पाहून तो परतला. दार ठोठावायचा धीर झाला नाही. पाय रक्ताळले, जोडे फाटले. पण १८८० च्या उन्हाळ्यात, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने ठरवले की आपण चित्रकार व्हायचे. त्यापुढे त्याच्या हाती फक्त दहा वर्षे होती.

तेव्हापासून थिओ पैसे पाठवू लागला. थिओही त्याच पेढीत नोकरीला होता आणि पुढे पॅरिसमधल्या शाखेचा व्यवस्थापक झाला. आधी महिना शंभर फ्रँक, पुढे दीडशे. त्यात खोलीचे भाडे, पाव, तंबाखू, रंग, कापड आणि बसणाऱ्या माणसाची मजुरी भागवायची. महिनाअखेर उपास ठरलेला. कारण पावापेक्षा रंग आधी यायचे. १८८४ च्या सुरुवातीस व्हिन्सेंटने भावापुढे एक करार मांडला. यापुढे आपण काढलेली चित्रे थिओची मालमत्ता समजावी आणि थिओ पाठवतो ते पैसे आपण कमावलेले समजावेत. वरवर पाहता हा हिशेब कोरडा वाटतो. पण भावाच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला ताठ मानेने घास गिळता यावा, म्हणून काढलेली ती वाट होती. थिओनेही ती मान्य केली.

या काळात व्हिन्सेंट न्यूनेन या खेड्यात आईवडिलांजवळ राहत होता. विणकर, नांगरणारे, बटाटे काढणाऱ्या बायका यांची त्याने शेकडो रेखाटने केली. चाळीसच्या आसपास शेतकऱ्यांची मस्तके रंगवली आणि त्या तयारीतून १८८५ च्या वसंतात ‘बटाटे खाणारे’ हे मोठे चित्र उभे राहिले. टांगलेल्या दिव्याखाली पाच माणसे एकाच थाळीतले उकडलेले बटाटे खात बसली आहेत. ज्या हातांनी जमीन उकरली तेच हात थाळीत जात आहेत, हे दिसावे असा त्याचा हेतू होता. म्हणून चित्राचा रंगही त्याने मातीने माखलेल्या बटाट्याच्या सालीसारखा ठेवला. ते पाहताना मला आमच्या घरातली चुलीपुढची जागा आठवते. थाळीत बटाट्यांऐवजी ज्वारीची भाकरी असते एवढेच. या चित्राच्या दोनच वर्षे आधी, १८८३ साली, इकडे महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पण शेतकऱ्याकडे दयेने वरून न पाहता त्याच्या शेजारी बसून पाहावे, हे दोघांनाही जवळजवळ एकाच वेळी सुचले. दोघांचा अंतही १८९० या एकाच वर्षी झाला.

२६ मार्च १८८५ रोजी वडील वारले. बापलेकांचे पटत नव्हते. मुलगा धर्मापासून दूर गेला, चाळिशीतल्या सरदारासारखा ताठ आणि भिकाऱ्यासारखा कपडे घालणारा झाला, याचे वडिलांना दुःख होते. त्या शरद ऋतूत व्हिन्सेंटने एक स्थिरचित्र काढले. टेबलावर वडिलांचे जाडजूड बायबल उघडे पडले आहे, शेजारी विझलेली मेणबत्ती आहे आणि पुढे पिवळ्या वेष्टनाची, कडा फाटलेली एक छोटी कादंबरी आहे. ती एमिल झोलाची. तिच्या नावाचा अर्थ जगण्याचा आनंद असा होतो. बायबल थोरले, जड, नीट जपलेले; कादंबरी लहान, पण हाताळून हाताळून जुनी झालेली. जो वाद बापलेकांत आयुष्यभर मिटला नाही, तो दोन पुस्तकांच्या रूपाने टेबलावर मांडून ठेवला आहे. असे चित्र काढायला त्याला एक दिवस पुरला.

त्याच सुमारास त्याच्या हातून बटाट्यांच्या टोपल्या, मातीची भांडी आणि पक्ष्यांची घरटी अशी स्थिरचित्रे ओळीने झाली. कारण साधे होते. गावातल्या कॅथलिक धर्मगुरूने आपल्या लोकांना त्याच्यापुढे चित्रासाठी बसू नका असे बजावले होते. माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा माणसांनी वापरलेल्या वस्तू त्याने जवळ केल्या. पॅरिसमध्येही तेच घडले. तिथे बसणाऱ्या माणसाला द्यायला पैसे नव्हते. म्हणून फुले, स्वतःचा चेहरा आणि जोडे. गरिबीने दाखवलेली वाट तो चालत गेला आणि त्या वाटेवर त्याला काहीतरी सापडले.

१८८६ च्या फेब्रुवारीअखेर तो आधी न कळवताच पॅरिसला थिओकडे आला. पुढली दोन वर्षे भाऊ एकत्र राहिले. त्यामुळे या दोन वर्षांतली पत्रे फार थोडी आहेत, आणि जोड्यांच्या चित्राची हकिकत आपल्याला इतरांच्या आठवणींतून घ्यावी लागते. फ्रांस्वा गोझी नावाचा त्याचा सहाध्यायी होता. त्याने लिहून ठेवले आहे की व्हिन्सेंटने जुन्या बाजारातून गाडीवानाचे एक जोडे विकत आणले. ते जुने होते, पण पुसून-चमकवून ठेवलेले होते. तसे ते त्याला पसंत पडेनात. मग एका पावसाळी दुपारी ते पायात घालून तो शहराच्या तटाच्या बाजूने चिखलातून लांब फिरून आला. चिखलाने माखल्यावर ते त्याला रंगवण्याजोगे वाटले. चित्रही नव्या कापडावर नाही. क्ष-किरणांनी पाहिले असता खाली आधीचे एक चित्र दिसते. कापड वाया घालवणे परवडणारे नव्हते. जुन्या वस्तूचे चित्रही जुन्याच कापडावर उतरले.

जोडे त्याने याच एका वेळी रंगवले असे नाही. पॅरिसमध्ये आणि पुढे आर्ल गावी त्याने असे अनेकदा केले. पण या एका चित्रावरून विसाव्या शतकात विद्वानांत मोठा वाद झाला. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने १९३५ साली कलेवर दिलेल्या व्याख्यानात हे जोडे शेतकरी बाईचे मानले आणि त्यांत तिचे कष्ट, नांगरलेली जमीन, भाकरीची चिंता असे सगळे जग पाहिले. १९६८ साली मेयर शापिरो या अमेरिकन कलेतिहासकाराने त्याला हरकत घेतली. हे जोडे शहरात राहणाऱ्या माणसाचे, खुद्द चित्रकाराचे आहेत. तेव्हा हे त्याचे एक प्रकारचे आत्मचित्रच होय, असे त्याचे म्हणणे. दहा वर्षांनी फ्रेंच तत्त्वज्ञ जॅक देरिदा याने दोघांनाही अडवले. ही खरोखर एक जोडी तरी आहे कशावरून, आणि जोडे कुणाच्या तरी पायात घातल्यावाचून तुम्हाला राहवत का नाही, असा त्याचा प्रश्न होता.

मी हा वाद वाचला तेव्हा तो मला थोडा दूरचा वाटला. म्हणून मी ते पुस्तक माझ्या थोरल्या भावाला, दादाला दाखवले. दादा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीला जातो. दहावीनंतर त्याचे शिक्षण थांबले. माझे चालू आहे ते त्यामुळेच. चित्र कुणाचे, केव्हाचे, हे मी त्याला सांगितले नव्हते. त्याने पान उजेडाकडे वळवले आणि बराच वेळ पाहिले. मग तो म्हणाला की हे जोडे नुसते चालून झिजलेले नाहीत, ते भिजून वाळले आहेत; चामडे भिजून तसेच वाळले म्हणजेच कड अशी मुडपते. आणि ज्याचे आहेत तो थकून आला असावा, कारण नाड्या त्याने सोडल्या नाहीत, ओढून मोकळ्या केल्या आहेत. एवढे बोलून तो कामावर गेला. चिखलातल्या त्या पावसाळी फेरीची हकिकत मी पुढे आठवड्याने वाचली. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. ते चित्राच्या बाबतीतही लागू पडते हे मला त्या दिवशी पटले.

पायातल्या वस्तूला आपल्या समाजात दोनच जागा आहेत : एक देव्हाऱ्यात आणि दुसरी उंबऱ्याबाहेर. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षे राज्य सांभाळले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आषाढीला संतांच्या पादुका पालखीतून पंढरपूरला जातात. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात. तिथेही पादुकांपुढे माथा टेकवणारी माणसे मी पाहिली आहेत. पण ज्यांनी रापी आणि आरी घेऊन पिढ्यान्पिढ्या आपल्या सगळ्यांच्या वहाणा शिवल्या, त्यांना आपण गावाबाहेर ठेवले, आणि शेतातून आलेल्या माणसाचे पायताण कधी कुणाच्या नजरेत भरले नाही. थोरांच्या पायाखालची वस्तू पवित्र, आणि कष्टकऱ्याच्या पायाखालची वस्तू अमंगळ! व्हिन्सेंटने कुणा थोराच्या पादुका रंगवल्या नाहीत. जुन्या बाजारातले कुणा गाडीवानाचे जोडे त्याने घेतले आणि एखाद्या राजाचे चित्र काढावे तितक्या गांभीर्याने रंगवले. मला वाटते, त्या अर्ध्या पानाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो तो यामुळे.

पॅरिसमध्ये त्याची गाठ नव्या चित्रकारांशी आणि जपानी छापचित्रांशी पडली. त्याच्या रंगपेटीतला अंधार हळूहळू कमी झाला. फेब्रुवारी १८८८ मध्ये तो दक्षिणेकडे आर्लला गेला आणि तिथल्या उन्हात पिवळा रंग त्याचा होऊन गेला. पिवळे घर, सूर्यफुले, पेरणी करणारा शेतकरी, रात्रीचा कॅफे ही सारी तिथली. ऑक्टोबरमध्ये पॉल गोगँ हा चित्रकार त्याच्याकडे राहायला आला. तो यावा म्हणूनही खर्च थिओनेच केला. दोघांचे फार काळ जमले नाही. त्या दिवसांत व्हिन्सेंटने दोन खुर्च्यांची चित्रे काढली. स्वतःची खुर्ची साधी, गवताने विणलेल्या बैठकीची, तिच्यावर चिलीम आणि तंबाखू. गोगँची खुर्ची नक्षीदार, हातांची, तिच्यावर पेटलेली मेणबत्ती आणि पुस्तके. जोड्यांप्रमाणेच इथेही माणूस नाही. वस्तूवरून माणूस ओळखायचा.

२३ डिसेंबर १८८८ च्या रात्री, आजाराच्या पहिल्या मोठ्या झटक्यात, त्याने वस्तऱ्याने आपला डावा कान कापला. तो कान जवळजवळ पूर्णच कापला होता, हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर रे यांनी काढलेल्या एका रेखाटनावरून २०१६ साली स्पष्ट झाले. मे १८८९ मध्ये तो स्वतःहून सें-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. वेड होते म्हणून तो मोठा चित्रकार झाला, असे काही लोक समजतात. वस्तुस्थिती उलट आहे. झटका आला की त्याला काम करता येत नसे. चित्रे होत ती दोन झटक्यांच्या मधल्या शांत दिवसांत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मजुरासारखे उभे राहून.

मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी आला. सत्तर दिवसांत त्याने सत्तरच्या आसपास चित्रे रंगवली. २७ जुलै रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. थिओ धावत आला. २९ जुलैच्या पहाटे भावाच्या सोबतीत त्याचा प्राण गेला. वय ३७. आपल्या मराठवाड्यात असल्या मरणाची बातमी वाचताना कुणाचे ना कुणाचे घर डोळ्यांपुढे येते. म्हणून त्याच्या मरणाला कलावंताचे मरण म्हणून शोभा आणणे मला योग्य वाटत नाही. तो आजारी होता, थकला होता, आणि थिओच्या घरी नुकतेच मूल झाले असताना आपण त्याच्यावर ओझे झालो आहोत ही टोचणी त्याला लागलेली होती. थिओच्या लेखी तो ओझे कधीच नव्हता. सहाच महिन्यांत, २५ जानेवारी १८९१ रोजी, थिओही गेला. त्याचे वय अवघे ३३.

व्हिन्सेंटचे हयातीत एकच चित्र विकले गेले असे सर्वत्र सांगितले जाते. हे अगदी तंतोतंत खरे नाही; हेगला असताना एका काकांनी त्याला पैसे देऊन काही रेखाटने करवून घेतली होती आणि काही चित्रे देवाणघेवाणीत गेली होती. पण ठळक विक्री म्हणावी अशी एकच : १८९० साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ‘तांबडा द्राक्षमळा’ हे चित्र ॲना बॉख या चित्रकर्तीने ४०० फ्रँकला घेतले. दहा वर्षांत त्याने केलेल्या कलाकृती सुमारे २१००, त्यांपैकी तैलचित्रे सुमारे ८६०. १९८७ साली त्यांतल्या एका सूर्यफुलांच्या चित्राला लिलावात सुमारे ४ कोटी डॉलर मिळाले. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून हळहळण्याची प्रथा आहे. मला मात्र त्यांच्या मधल्या काळातील एका बाईचे नाव सांगायचे आहे.

थिओची पत्नी योहाना. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती, पदरी एक वर्षाचे मूल, आणि वारसा म्हणून मिळालेली कुणीही न घेतलेली शेकडो चित्रे. ती हॉलंडमध्ये परतली, बुसम गावी तिने भाडेकरूंना जेवूखाऊ घालणारे घर चालवले आणि दिवसाचे काम संपल्यावर रात्री दोन भावांची पत्रे वाचून, लावून, तारखा जुळवून ठेवल्या. गावोगावी प्रदर्शने भरवली. १९१४ साली तिने ती पत्रे प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी थिओचे अवशेष ओव्हेरला नेऊन व्हिन्सेंटच्या शेजारी पुरले. १९२५ साली ती वारली. १९७३ साली ॲमस्टरडॅमला जे संग्रहालय उघडले, ते तिच्या मुलाने जपलेल्या संग्रहातून. २००९ साली पत्रांची संपूर्ण आवृत्ती निघाली. तीत व्हिन्सेंटने लिहिलेली ८१९ पत्रे आहेत आणि त्यांतली बहुतेक थिओला लिहिलेली. घर चालवणारी ही बाई नसती, तर ते जोडे कुठल्या तरी माळ्यावर कुजले असते.

मित्रहो, आपल्या या महाविद्यालयात शिकणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मागे एखादा थिओ उभा आहे? कुणाचा भाऊ कारखान्यात आहे, कुणाची बहीण शिक्षण सोडून कापूस वेचायला गेली आहे, कुणाच्या वडिलांनी मोसंबीच्या बागेवर कर्ज काढले आहे. आणि आपण शिकतो आहोत कला शाखेत, जिचा उपयोग काय असे घरी कुणी विचारले तर पटकन उत्तर देता येत नाही. व्हिन्सेंटलाही ते देता आले नव्हते. त्याने दिला तो हिशेब : इतक्या पैशांत इतके रंग आले, इतके कापड आले, आणि हे पाहा, एवढे काम झाले. दर महिन्याला, न चुकता, दहा वर्षे. मला त्याच्या प्रतिभेचा हेवा करून उपयोग नाही. तिची बरोबरी होणार नाही. पण हा हिशेब देणे कुणालाही जमण्यासारखे आहे.

आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी चित्रांचे एक छोटे प्रदर्शन भरते. त्यात मोर, देवादिक आणि सूर्यास्त पुष्कळ असतात. यंदा कुणीतरी आपल्या घरातली एखादी वापरून जुनी झालेली वस्तू काढावी, अशी माझी विनंती आहे : आईचा तवा, वडिलांचा विळा, मुठीच्या घामाने गुळगुळीत झालेला नांगराचा रुमणा, कारखान्यातून आलेल्या भावाचे बूट. मी स्वतः दादाचे बूट काढायला घेतले आहेत. तो रात्रपाळीहून परतला की दिवसा झोपतो, तेवढ्याच वेळात ते मला मोकळे मिळतात. टाचेजवळची छाया अजून नीट जमलेली नाही.